खुणा बघ, अक्षरं बघू नकोस

९ जून १९९१, रविवार

नोकरी मिळाली. हे वाक्य लिहिल्यावर कसं दिसतं ते बघायचं होतं, म्हणून दोन वर्षं बंद पडलेली ही वही काढली. बरं दिसतं.

कंपनी बेंगळूरची आहे. मोठ्या यंत्रांबरोबर जी जाडजूड माहितीपुस्तकं जातात, ती तयार करते. कॉम्प्युटरवर मजकूर शिस्तीत लावणारं माणूस त्यांना हवंय. १ ऑगस्टला हजर व्हायचं. गुरुमूर्ति सरांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नऊ वर्षं मी कुंभकोणमच्या मुलींची बोटं बडवतेय. सरांनी हिंदीच्या परीक्षेसाठी देवनागरीचं कार्ड घातलेला कॉम्प्युटर आणला, तेव्हापासून त्याला हात लावणारी मी एकटीच. तेहतीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या बाईला या गावात याहून पुढे काही घडायचं नव्हतं, आणि घडलं.

आप्पांना सांगितलं. त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला नाही. म्हणाले, “बेंगळूर. बरें शहर. हवा गार.” मग सगळी कॉफी संपवून म्हणाले, “प्रयोगाचें पुस्तक तेवढें पुरें होऊं दे. मग जा.”

प्रयोग म्हणजे श्राद्धाचा विधी: आधी काय, मग काय, कोणत्या जागी कोणता मंत्र. आमची मराठी घरं इथे तंजावरच्या राजांच्या काळात आली, आणि आमची पद्धत ना इथल्या लोकांसारखी राहिली ना महाराष्ट्रातल्यासारखी. ती पूर्ण येते फक्त आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नरसिंहरावांना. एक फाटकी वही आहे आणि बाकीचं त्यांच्या तोंडात. काचबिंदूने डोळे जवळजवळ गेलेत, म्हणून छापायची घाई. सात आठवडे आहेत. सहज होईल.

(आप्पांचं बोलणं बोलतात तसंच लिहिलंय. घरात मीही तसंच बोलते. ही लिहायची मराठी पुण्याच्या मासिकांतून शिकलेली, परक्या घरी जाताना नेसायच्या साडीसारखी.)

१४ जून, शुक्रवार

मद्रासच्या छापखान्याचं उत्तर आलं. फ्लॉपीवर नुसता साधा मजकूर पाठवा. ठळक, तिरपं, समास काही लावू नका, आमच्या यंत्राला ते कळत नाही. त्याऐवजी तुमच्या तुम्ही खुणा ठरवा, मजकुरातच घाला आणि खुणांचा तक्ता सोबत द्या. आमचा माणूस त्याप्रमाणे छपाईचं रूप देईल. फक्त एक खूण, एक अर्थ, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

हे शेवटचं वाक्य मी चारदा वाचलं. माझ्या स्वयंपाकघरात तुरीच्या डब्यात तूरच असते. भवानी आत्या येऊन गेली की त्यात उडीद सापडतात आणि मला दिवसभर चैन पडत नाही. अशा बाईला देवाने पाठवलेलं पत्र आहे हे.

तक्ता केला. ओळीच्या सुरुवातीला तारा असेल तर ती करणाऱ्याला सूचना. चौकोनी कंसात असेल तो मंत्र. दोन प्रश्नचिन्हं म्हणजे इथे त्या त्या घरच्या माणसाचं नाव घाला. आणि जाळीची खूण (#) म्हणजे जानवं फिरवा. देवांचं काम डाव्या खांद्यावरच्या जानव्याने होतं, पितरांचं उजव्या. एका श्राद्धात ते वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे जातं. पितरांच्या भागाला मद्रासचा माणूस समासात जाड रेघ देईल.

आप्पांना वाचून दाखवलं. मान डोलावली. म्हणाले, “सूचना तूं लिही. मंत्र शेषाद्री लिहील.”

हे मला सांगायला नको होतं. वेदाची अक्षरं बाईने म्हणायची नाहीत, मग लिहायची कुठून. शेषाद्री म्हणजे भवानी आत्याचा मुलगा, आप्पांचा भाचा आणि शिष्य. सव्वीस वर्षांचा आहे, स्कूटरवरून वैदिकी करत हिंडतो आणि दोन बोटांनी टाइप करतो. मी विचारलं, दोन्ही मजकूर जोडून खुणा जुळल्या का हे कोण बघणार? मीच ना?

“तूंच. खुणा बघ, अक्षरें बघूं नको.”

३० जून, रविवार

पद्धत बसली आहे. सकाळी सहाला शेषाद्री येतो, आप्पा मंत्र सांगतात, तो वहीत उतरवतो. रविवारी इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन तो टाइप करतो. मी त्या वेळी स्वयंपाकघरात.

आप्पांची आरामखुर्ची खिडकीशी आहे, पण मंत्र सांगायला ते स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकून बसतात. इथे उजेड बरा म्हणतात. त्यांना उजेड किती दिसतो ते डॉक्टरने मला सांगितलंय, पण म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार.

आवाज मात्र त्यांना अगदी सहन होईनासा झालाय. म्युनिसिपालिटीचं पाणी सहा ते सात येतं, तेवढ्यात भांडी, भरणं सगळं उरकायचं असतं. मी नळ सोडला की आप्पा मधेच थांबतात. बंद केला की मागची ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणतात. आज सात वेळा झालं. एवढं चिडायचं तर दुसरी वेळ निवडा ना! सांगतात पण खणखणीत आवाजात, एकेक ओळ तीन तीन वेळा. शेषाद्री बिचारा पहिल्या वेळेलाच लिहून मोकळा होतो आणि भिंतीला डोकं टेकून पेंगतो.

२१ जुलै, रविवार

व्हायचं तेच झालं.

पहिली बत्तीस पानं मद्रासहून कच्ची छापून आली होती. शेषाद्रीने ती पिशवीत घातली आणि पापनाशमला वासुदेवरावांकडे त्यांच्या वडिलांच्या श्राद्धाला घेऊन गेला. पाठ म्हणायचा कंटाळा, दुसरं काय. चौदाव्या पानावर टाइप करताना त्याच्याकडून एक जाळी राहून गेली होती. एकच. पण जाळीचा अर्थ नुसता ‘फिरवा’. एक राहिली की तिथून पुढे सगळं उलटं. देवांच्या भागाला जाड रेघ, पितरांचा भाग कोरा. याने छापलेलं बघून देवांना उजव्या खांद्याने हात जोडायला लावले आणि पितरांना डाव्याने, अकरा पानं. वासुदेवराव बहात्तर वर्षांचे. पन्नास वर्षं हे करतायत. अकरा पानं झाल्यावर म्हणाले, “अरे, माझा बाप वरून बघोन हसत असेल.”

सगळं पुन्हा पहिल्यापासून झालं. जेवणाला बसलेले ब्राह्मण तीन वाजेपर्यंत उपाशी.

वासुदेवराव आज बसने खास ते सांगायला आले. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. वासुदेवराव गेल्यावर एवढंच म्हणाले, “एकही जानवें चुकतां कामा नये, तुळसी. तोंवर पुस्तक पुरें नाहीं.”

चूक शेषाद्रीची, पण खूण माझी. जी खूण एकदा विसरली तर पुढचं सगळं खोटं बोलते, ती खूणच वाईट. आणि १ ऑगस्टला दहा दिवस उरलेत.

२३ जुलै, मंगळवार

जाळी काढून टाकली. उघडायची खूण वेगळी, मिटायची वेगळी. पितरांचा भाग सुरू होतो तिथे महिरपी कंस उघडायचा, संपतो तिथे मिटायचा. एखादा राहिला तर गोंधळ तेवढ्याच भागात राहतो, आणि उघडलेले किती, मिटलेले किती हे मोजलं की सापडतो. मग सगळ्याच खुणांना तोच नियम लावला. जे उघडलं ते मिटलंच पाहिजे. शेवटी उघडलेलं आधी मिटायचं. मंत्राच्या पोटात नाव उघडलं तर आधी नाव मिटेल, मग मंत्र. सूचनेच्या ताऱ्यालाही आता शेवटी दुसरा तारा.

आप्पांना समजावायला पातेलं, त्यात वाटी, वाटीत चमचा असं मांडत होते. ते मधेच म्हणाले, “संकल्प केला कीं सोडावा लागतो. आवाहन केलें कीं विसर्जन. ज्याला शेवटीं बोलावलें, त्याला आधीं निरोप. हें तुज कोणीं शिकवलें?”

“कोणी नाही, आप्पा. मोजता यावं म्हणून केलं.”

“हूं,” म्हणाले. बराच वेळ वाटीवर बोटं फिरवत होते.

छान वाटलं. मग लक्षात आलं की आतापर्यंतची सगळी पानं पुन्हा बदलायची. मद्रासला नवा तक्ता पाठवायचा. नियम माझा आणि त्यात अडकलेली मीच.

४ ऑगस्ट, रविवार

बेंगळूरला मुदत मागितली होती. १६ सप्टेंबर दिली आहे. ‘यापुढे वाढवता येणार नाही’ हे वाक्य अधोरेखित केलंय. त्यांचीही एक खूण, एक अर्थ.

आत्या म्हणते, “तूं जा गे, मी येतें राहायला. भावास मी बघतें.” तुरीच्या डब्यात उडीद घालील, पण आप्पांना जीव लावील यात शंका नाही. म्हणजे मला कोणी धरून ठेवलेलं नाही. दार सताड उघडं आहे, फक्त उंबऱ्यावर हे पुस्तक पडलंय.

११ ऑगस्ट, रविवार

आता लिहायलाच हवं. ही वही कोणी वाचत नाही.

शेषाद्रीच्या मजकुरातल्या खुणा आता बरोबर आहेत. चुकीची आहेत ती अक्षरं. अठराव्या मंत्रात एक शब्द गळलाय. बाविसाव्यात दोन ओळींची अदलाबदल. एकतिसाव्याचा अर्धा भाग दुसऱ्याच मंत्राचा आहे.

मला कसं कळलं? मला सगळे येतात. फ्रॉक घालत होते तेव्हापासून भिंतीपलीकडून ऐकतेय. कधी तोंडातून काढले नाहीत, पण पडद्यावर चुकीचा शब्द दिसला की दातात खडा यावा तसं होतं. खुणा बघ, अक्षरं बघू नकोस. कसं न बघायचं? डोळे मिटून कंस मोजू?

शेषाद्रीला सांगितलं तर विचारील, तुज कसें ठाऊक? आप्पांना सांगितलं तर विचारणारही नाहीत, फक्त गप्प होतील, आणि ते गप्प झालेले मला सोसत नाहीत. न सांगावं तर हेच छापलं जाईल आणि आमच्या चाळीस घरांत पुढची शंभर वर्षं चुकीचं म्हटलं जाईल. भिंत पुढेही आहे आणि मागेही.

दुपारभर विचार करून एक युक्ती काढली. नवी खूण. मंत्राचा कंस मिटताना आत शब्द किती त्याचा आकडा घालायचा. आकडा आप्पांकडून घ्यायचा. टाइप केलेल्याची मोजणी जुळली नाही तर मी म्हणू शकते, मोजणी चुकतेय. अक्षरं न बघता.

आप्पांना म्हटलं, मद्रासच्या लोकांना आकडा हवाय. (खोटं.) आप्पा एवढे खूश झाले की मलाच नवल वाटलं. शेषाद्री इन्स्टिट्यूटमधून यायच्या आधीच त्यांनी एकोणपन्नास मंत्रांचे एकोणपन्नास आकडे मला घडाघडा सांगितले, बोटंसुद्धा न मोडता. जणू तयारच होते.

१८ ऑगस्ट, रविवार

सहा मंत्रांचे आकडे जुळले नाहीत. शेषाद्रीला म्हटलं, हे सहा पुन्हा बघ. तासाभरात परत आला. “झालें, अक्का. सगळें सरि, बरोबर.”

बघितलं. शब्द होते तसेच. त्याने आकडे बदलले होते.

हसावं की त्याच्या डोक्यावर कीबोर्ड आपटावा कळेना. म्हटलं, अरे, आकडा मामांनी सांगितलेला आहे ना? तर म्हणतो, “मामांस वय झालें अक्का. एखादा आकडा चुकेल. माझ्या वहींत इतकेच शब्द आहेत.” त्याच्या वहीत तेवढेच आहेत हे खरंच. पेंगताना माणूस आणखी किती लिहिणार.

२० ऑगस्ट, मंगळवार

आज इन्स्टिट्यूटमध्ये एका मुलीने विचारलं, “अक्का, तुम्ही कधी जाणार?” तमिळमध्ये ‘जाऊन येणार’ म्हणतात, ‘जाणार’ म्हणणं अशुभ, आणि तिने चुकून नुसतं ‘जाणार’ म्हटलं. मला ते आवडलं.

एक विचार सकाळपासून छळतोय. जाळी बदलली मी. नियम वाढवले मी. आकडा काढला मी. दर वेळी पुस्तक आणखी लांबलं. आप्पा एकदाही म्हणाले नाहीत की जाऊ नको. पुस्तक पुरं होऊ नये असं मलाच तर वाटत नाही ना? छे. मला बेंगळूरला जायचंय. इथे गुदमरायला होतं.

तरी लिहून ठेवते.

२५ ऑगस्ट, रविवार

आईचं श्राद्ध. सहावं.

मला भाऊ नाही, तेव्हा आप्पाच करतात. शेषाद्री नावाला समोर बसतो. मी सोवळ्यात, भल्या पहाटे न्हाऊन चुलीशी. आई गेल्यापासून घाणा माझ्याकडे आहे, त्याआधी मी तिच्या हाताखाली असे.

सव्विसाव्या मंत्राच्या सुमाराला वडे तेलात पडतात. त्या मंत्रात दुसऱ्या ओळीनंतर आप्पा थांबतात. लांब थांबतात, चांगले दहा-बारा श्वास. हे लहानपणापासून ठरलेलं. तेवढ्यात माझा घाणा तळून निघतो, म्हणजे मला घड्याळ लागत नाही. ते पुढची ओळ म्हणतात तेव्हा वडे ताटात असतात आणि कढई शांत. आजही तसंच.

आज कढईजवळ उभी असताना एकदम जाणवलं की शेषाद्रीच्या मजकुरात हा विसावा नाहीच. कुणी सांगितलाच नाही त्याला. असल्या गोष्टी सांगायच्या राहून जातात आणि मग जगातून जातात. आईच्या श्राद्धाच्या दिवशी हे आठवलं, तिनेच आठवण करून दिली म्हणायचं.

ठरवलं. मीच करणार.

२९ ऑगस्ट, गुरुवार

चार दिवस रोज सकाळी डोक्यावरून न्हाऊन, ओल्या केसांनी, इन्स्टिट्यूट उघडायच्या आधी तासभर. शिवकामी झाडू मारायला येते, तिने विचारलं, रोज रोज न्हाणं कशासाठी? म्हटलं, उकाडा आहे.

एकोणपन्नास मंत्र. शेषाद्रीचा मजकूर पुसून मी पहिल्यापासून लिहिला. पहिल्या कंसानंतर बोटं थिजली होती. चुकलं तर पाप, बरोबर आलं तरी पाप. मग आप्पांचा आवाज कानात सुरू झाला, तिसऱ्या वेळी म्हणतात तसा, अगदी सावकाश, आणि बोटं आपोआप चालायला लागली. नळ सोडायला कोणी नव्हतं. आकडे एकोणपन्नासच्या एकोणपन्नास जुळले. एकही बदलला नाही.

सव्विसाव्यात दुसऱ्या ओळीनंतर नवी खूण घातली. दोन आडव्या रेघा. तक्त्यात लिहिलं: ‘विसावा, दहा-बारा श्वास.’ उघडायचं-मिटायचं नाही अशी ही एकच खूण. नियमाला अपवाद झाला, पण विसाव्याला मिटवायचं कसं?

शेषाद्रीला बोलावून सांगितलं. तुझ्या चुका दुरुस्त केल्या, आता सगळं तूच टाइप केलंस असं म्हण. तो घाबरला नाही, उलट सुटल्यासारखा दिसला. “मज काय, अक्का. पण हें तुज कसें...” म्हणाला आणि मग स्वतःच म्हणाला, “जाऊं दे. मी विचारलें नाहीं.”

चांगला आहे पोरगा.

८ सप्टेंबर, रविवार

आज शेवटचं वाचन. शेषाद्री बाहेर आप्पांना पहिल्यापासून वाचून दाखवत होता आणि मी स्वयंपाकघरात दाराशी, हातात चिरायला घेतलेलं वांगं. ते एकच वांगं तीन तास चिरत होते.

अठरावा गेला. बाविसावा गेला. आप्पा नुसते ‘हूं’ म्हणत होते. एकतिसावा यायचा होता, तिथे मला भीती होती. पण सव्विसाव्यातच घोळ झाला. शेषाद्री दुसऱ्या ओळीनंतर थांबला, आज्ञाधारक. दहा श्वास मोजत असणार.

“कां थांबलास?” आप्पांनी विचारलं.

“खूण आहे मामा. विसाव्याची.”

“कोणीं घातली?”

मी सुरी घट्ट धरली. शेषाद्री म्हणाला, “मी, मामा. तुम्ही थांबतां, म्हणोन.”

आप्पा हसले. मोठ्याने नाही, पण मी त्यांना आई गेल्यापासून असं हसताना ऐकलं नव्हतं. म्हणाले, “शेषाद्री, तुज वडे तळतां येतात कां रे?”

“मज? नाहीं मामा.”

“नाहींच येत. राहूं दे ती खूण. छापांत राहूं दे.”

वय झालं, खरंच. मंत्र चाललाय आणि मधेच वडे! पण निभावलं. एकतिसावाही निभावला. शेवटी आप्पा म्हणाले, “शेषाद्री, चांगलें लिहिलेंस. एक शब्द चुकला नाहीं.” त्यांना काही कळलं नाही. मी सुरी खाली ठेवली.

एकच गोष्ट मला आवडली नाही. शेषाद्रीने विचारलं, पहिल्या पानावर लेखनिक म्हणून नाव घालायचं ना? त्याला वाटत होतं, आपलं येईल. आप्पा म्हणाले, “तेथें ती दोन प्रश्नचिन्हें घाल. ज्याचें आहे तो भरील.” म्हणजे कोणाचंच नाव नाही. बिचाऱ्याचं तोंड पडलं. काम त्याने केलं नाही हे मला ठाऊक, पण आप्पांना तर वाटतंय ना त्यानेच केलं? मग एवढी कंजुषी कशाला? आप्पा कधी कधी फार कडक वागतात.

फ्लॉपी उद्या मद्रासला जाईल. पुस्तक पुरं झालं.

मला आनंद व्हायला हवा. डबे पुसून ठेवले, सगळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या. आत्या वाचणार नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार. बसमध्ये.

अक्षर वाकडं येतंय. रस्ता असा आहे.

सकाळी सगळं आवरलं होतं. ट्रंक बाहेर, रिक्षा दारात, आत्या देवापाशी. आप्पांना नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि उचललाच नाही थोडा वेळ. मग म्हणाले, “एक पेला राहिला असेल बघ विसळायचा.” राहिला होता, त्यांच्या कॉफीचा. मी आत गेले.

ते भिंतीशी जाऊन बसले आणि काहीतरी म्हणायला लागले. प्रवासाला निघणाऱ्यासाठी म्हणतात ते. मोठ्याने, सावकाश. मला वाटलं, पुस्तक तर संपलं, आता हे शेषाद्रीला कशाला? मी नळ सोडला. ते थांबले.

मला राग आला. आजच्या दिवशीसुद्धा! पेला विसळला, नळ बंद केला. त्यांनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.

आणि तेवढ्यात बाहेरून शेषाद्रीचा आवाज आला. तो रिक्षात ट्रंक चढवत होता. “अक्का, किती जड आहे गे!” म्हणजे आत आप्पांसमोर कोणीच नव्हतं.

मी पेला ठेवला. हातात विसळायला काही नव्हतं. तरी नळ सोडला. आप्पा थांबले. बंद केला. मागची ओळ, पहिल्यापासून. पुन्हा सोडला. थांबले. मी मुद्दाम बराच वेळ पाणी वाहू दिलं, बादली भरून वाहायला लागली, आणि पलीकडे एक शब्द नाही. बंद केला. तीच ओळ. आवाजात चिडणं नव्हतं. कधीच नव्हतं.

वड्यांच्या वेळचा विसावा तेव्हा कळला.

मग मी नळ घट्ट पिळला, पदराला हात पुसले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. भिंत इकडून गार होती. त्यांनी प्रत्येक ओळ तीन वेळा म्हटली, शेवटपर्यंत. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

निघताना मी फक्त “जातें” म्हणाले, आणि त्यांनी सुधारलं, “जाऊन येतें म्हण.”

पापनाशमला बस थांबली आहे. शेजारची बाई केळी घ्यायला उतरलीय. मघाशी मी तो मंत्र तोंडाने म्हणून बघितला, हळू, खिडकीकडे तोंड करून. आयुष्यात पहिल्यांदा. दोनदा म्हटला. एकही शब्द गळला नाही. नळाच्या जागी दोन्ही वेळा थांबले.